करंगळीचा सौदा

वैजनाथ मास्तरांच्या तळहाताला भयंकर गुदगुल्या होतात, ही गोष्ट त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. उमरग्याच्या जनावरांच्या बाजाराला ती एका सकाळी ठाऊक झाली. आणि तीही अशी, की एक बैल उधळला, भजीवाल्याचं कालवलेलं पीठ मातीत गेलं आणि धोंडप्पा दलालाचं झाकलेलं उघडं पडलं.

मास्तर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. बैलाच्या पोटात कप्पे किती, हे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण तोच बैल विकायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. तरी हरणाआत्यानं त्यांनाच गाठलं. हरणाआत्या त्यांची सख्खी आत्या, सास्तूरजवळच्या वस्तीवरची. तिच्या गुडघ्यांनी काम सोडल्यावर तिनं शेत बटईनं दिलं, आणि बटईदार निघाला ट्रॅक्टरवाला. मग देवणी बैलांची जोडी दावणीला नुसती खात उभी.

"घरात शिकलेला तूच," आत्या म्हणाली, "आन् उपरन्याखाली बाईनं हात घालायचा रिवाज न्हाय. चल."

ह्या बाजारात किंमत तोंडानं बोलायची नसते. दलाल हातावर उपरणं टाकतो, त्याच्याखाली आपण हात घालायचा आणि पुढचं बोलणं बोटांनी. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, मधलं पेर दाबलं की वर अर्धा. वर दोघंही कुणाच्या तरी लग्नाची पंगत आठवावी तशा चेहऱ्यानं दुसरीकडं बघत असतात. आकडा फक्त कातडीला कळतो. भोवती पन्नास माणसं उभी राहिली तरी त्यांना काही कळत नाही.

गिऱ्हाईक होता माणिकप्पा. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या, आणि जनावराची पारख बरी. धोंडप्पानं आधी त्याच्याशी बोटांनी बोलून घेतलं, मग उपरणं घेऊन मास्तरांकडं आला आणि माणिकप्पाचा आकडा त्यांना सांगायला त्यांची बोटं धरू लागला. आता दुसरा दलाल असता तर चिमटीत धरून मोकळा झाला असता. पण धोंडप्पाची बोटं त्या दिवशी चाचपतच राहिली. तळहातावरून निघाली, बोटांच्या बेचक्यात शिरली, परत तळहातावर आली. मास्तरांनी ओठ चावला. खांदे आक्रसले. मनात आवर्तसारणी म्हणायला घेतली. हायड्रोजन, हेलियम, लिथियम... आणि लिथियमपाशी बांध फुटला. मास्तर असे खिंकाळले, की ते हसणं आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. धोंडप्पाच्या मुठीसकट हात वर झटकला गेला, उपरणं उडालं आणि हरणाआत्याच्या डाव्या बैलाच्या शिंगांवर बसलं. बैलानं आयुष्यात डोक्याला काही गुंडाळलं नव्हतं. तो तसाच फेटा बांधून भजीवाल्याच्या हातगाड्याकडं निघाला.

पण त्या गडबडीतही माणिकप्पाची नजर बैलाकडं गेली नाही. ती गेली दोन हातांकडं. धोंडप्पाच्या मुठीत मास्तरांची बोटं अजून होती. तीन.

"थांबा!" माणिकप्पा ओरडला. "म्या चार धरली हुती! धोंडप्पा, तू तीनच सांगायलास? मधलं एक कुठं गेलं रं?"

भज्यांचं पीठ मातीत जाताना जो गलका झाला होता, तो विरला. उपरण्याखालचा आकडा उघड्यावर येणं हेच मुळात कुणी पाहिलं नव्हतं. त्यात तो खोटा निघणं म्हणजे फारच झालं.

मास्तरांना वाटलं, आता धोंडप्पा उसळेल, शपथा घेईल. धोंडप्पानं आपल्या मुठीकडं पाहिलं. तीन बोटं होती, हे त्यालाही आत्ताच कळलं असावं, असं त्याचं तोंड झालं. मग त्यानं मूठ सोडली, बैलामागून जाऊन उपरणं आणलं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि तो बाजारातून निघून गेला.

"बैल विकायला आनला हुता तुला," हरणाआत्या म्हणाली. "दलाल हाकलायला न्हाय."

धोंडप्पा सास्तूरचा. बापही दलालच. पोराला अंक शिकवले ते पाटीवर नव्हे, तर धोतराच्या सोग्याखाली. शाळेत गुरुजींनी 'पाच आणि तीन किती' विचारलं की पोरगा गुरुजींचा हात धरायला जायचा, अशी आठवण गावात अजून सांगतात. पुढं त्या हाताला सगळं गाव कामाला लावायचं. सीताफळ आज खायचं की परवा, ते धोंडप्पा दाबून सांगणार. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून तिच्या मनात काय आहे, हे सांगणार; ते खरं की खोटं हे म्हैस कधी बोलली नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं तेव्हा सगळी घरं एका साच्यातली झाली. लाईट गेली की भली भली माणसं शेजाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन "वाढ गं" म्हणायची. धोंडप्पा दाराची कडी चाचपायचा आणि बरोबर आपल्या घरात शिरायचा. एकदा चुकला होता म्हणतात, पण त्या दिवशी शेजाऱ्याकडं पुरणपोळी होती.

अशा माणसानं चाराला तीन म्हणावं? मास्तरांना चैन पडेना. आपण हसलो नसतो तर हे काही झालंच नसतं, ही एक टोचणी; आणि चाचपणाऱ्या त्या बोटांत काहीतरी विचित्र होतं, ही दुसरी. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्यांनी मोटारसायकल सास्तूरच्या रस्त्याला घातली.

धोंडप्पा ओट्यावर बसला होता, भिंतीकडं तोंड करून. बोलणं सगळं त्याच्या बायकोनं, कोंडाबाईनं केलं.

"कालपासनं असंच. म्हनलं, खरंच खाल्लं का मधलं? तर म्हनं, तुला जे वाटंल ते समज. आता मला काय वाटायचं? मला वाटतंय की ह्या मानसाला शर्टाचं बटन लावता यीना झालंय."

"कोंडे," धोंडप्पा भिंतीला म्हणाला.

"लावता येतंय का? सांगा मास्तरला. चार म्हैनं झाले, सदरा डोक्यातनं घालायलेत. दोन बशा फोडल्या. परवा गरम तव्याला हात टेकवला आन् उभे. वास म्हाझ्या नाकाला आला, ह्यास्नी पत्ता न्हाय. आन् झोपंत उठून हात असा झटकत्यात, असा, जसं काय मनगटाला इंचू लागलाय."

"मच्छर असत्यात."

"मच्छर दोन्ही हातांनी मारत्यात. तुमी उजवाच झटकता."

मास्तर ताडकन उठले. झटकणारा हात, बटणं, बशा! त्यांनी अंगणातल्या केरसुणीची एक काडी मोडली आणि धोंडप्पाला डोळे मिटायला सांगितलं.

"मी काडी टेकवली की 'आहे' म्हणायचं. नाही टेकवली तर गप्प राहायचं."

धोंडप्पानं डोळे मिटले. मास्तरांनी काडी करंगळीला टेकवली.

"हाय."

तर्जनीला टेकवली. धोंडप्पा क्षणभर थांबला. मग ठासून म्हणाला, "हाय." थोड्या वेळानं पुन्हा, "हाय." आणखी थोड्या वेळानं, "हाय की!"

"अवो, अजून लावलीच न्हाय काडी!" कोंडाबाई म्हणाली. "मास्तर नाक पुसायलेत!"

धोंडप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मभर बाजारात समोरच्याच्या मनातला आकडा ओळखलेला माणूस, काडीचा आकडाही अंदाजानं मारत होता. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. अंगठा, काही नाही. तर्जनी, नाही. मधलं बोट, नाही. अनामिका, आतली बाजू नाही. अनामिका, करंगळीकडची बाजू...

"हाय."

"अर्धं!" मास्तर ओरडले. "अर्धंच बोट! धोंडप्पा, तुमचं अर्धं बोट जागं आहे!" आणि त्यांनी अंगणात एक गिरकी घेतली. कोंडाबाई दोन पावलं मागं सरली. शिकलेल्या माणसाला कधी कशाचा आनंद होईल, सांगता येत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"बसा," मास्तर म्हणाले, जरी धोंडप्पा बसलेलाच होता. "आता ऐका. आपल्या बोटांच्या कातडीत नसांची टोकं असतात. त्या टोकाला एक पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यात दारं बसवलेली असतात. इतकी बारीक, की मोहरीच्या दाण्यावर त्यांचा पोळ्याचा बाजार भरेल."

"दाराला कडी असती का?" कोंडाबाईनं विचारलं.

"कडी नाही, पाती. तीन पाती, त्या पंख्यासारखी." तिघांनी मान वर करून ओट्यावरच्या पंख्याकडं पाहिलं. "फक्त ह्या पंख्याची पाती वर वाकलेली असतात, दुरडीसारखी. बोटावर दाब आला की पडदा ताणतो, पाती सपाट होतात आणि मधलं भोक उघडतं. बाहेर खारट पाणी असतं. त्यातले सोडियम, कॅल्शियमचे कण त्या भोकातून आत घुसतात. स्टँडवर सोलापूरची गाडी लागल्यावर लोक घुसतात, तसे. हे कण विजेचा भार घेऊन घुसतात, त्यानं नस चेतते, आणि नसेतून खबर निघते मेंदूकडं, की कुणीतरी बोट धरलंय. पिएझो म्हणतात त्या दाराला. ज्यानं शोधलं त्याला काही वर्षांपूर्वी नोबेल मिळालं."

धोंडप्पा अजून पंख्याकडंच बघत होता. "फिरतो का ह्यो?"

"फिरत नाही. नुसता सपाट होतो, परत वाकतो."

"मग पंखा कशाला म्हनायचा?"

"दिसतो तसा, म्हणून."

"बैलासारखा दिसतो म्हनून कुनी दगड जुंपत न्हाय मास्तर." पण तो सावरून बसला होता. "बरं. तर म्हाझे पंखे बिघडले?"

"तीच तर गंमत! पंखे शाबूत आहेत. अंगठा, त्याच्याजवळची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, ह्या सगळ्यांची खबर एकाच नसेतून जाते. ती नस मनगटात एका अरुंद बोगद्यातून जाते, आणि तिथं ती दबली आहे. जन्मभर बैलांचे कासरे ओढलेत तुम्ही, मनगटाला सूज आली असेल. हायवेचं काम निघालं की उमरग्यात ट्रका कशा अडकतात? तसं. करंगळीची नस दुसऱ्या वाटेनं जाते. ती म्हणजे बैलगाडी. शेतातून घरी आली, तिला हायवेचा पत्ताच नाही."

धोंडप्पानं उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि आजाऱ्याकडं बघावं तसं बघत राहिला.

"म्हंजे बोटं मेली न्हाईत," तो हळू म्हणाला.

"अजिबात नाही. ती हाका मारतायत. रस्त्यात अडकतायत."

"म्या समजलो हुतो, मेली." त्यानं हात झाकून घेतला. "मास्तर, एक ध्यानात ठेवा. ह्यातलं एक अक्षर बाजारात बोलायचं न्हाय."

"अहो, पण तेच तर सांगायला हवं! लोक तुम्हाला बेइमान म्हणतायत!"

"म्हनू द्या. बेइमान दलालाकडं बी लोक येत्यात, वाईच जपून येत्यात. बधिर दलालाकडं कोन यील?"

मास्तरांनी वचन दिलं.

उमरग्याच्या डॉक्टर गायत्रीताईंनी हाताला तारा लावून नस तपासली, रक्त तपासलं आणि मास्तरांचंच म्हणणं खरं निघालं. कासरा धरायचा नाही, झोपताना मनगटाला पट्टा बांधायचा, आणि त्यानं भागलं नाही तर सोलापूरला छोटीशी शस्त्रक्रिया करून तो बोगदा मोकळा करायचा. धोंडप्पाला पट्टा भलता आवडला. डॉक्टरांनी झोपताना सांगितलेला पट्टा तो दिवसाही बांधू लागला, आणि कुणी विचारलं तर "बैलानं वढलं" असं सांगू लागला. बैलानं ओढणं हे त्या धंद्यात शोभणारं दुखणं होतं.

पण बाजार भरला आणि कुणी त्याच्याकडं फिरकलं नाही. धोंडप्पा लिंबाखाली उपरणं खांद्यावर टाकून बसला. लोक येत, "राम राम धोंडप्पा" म्हणत, आणि सौदा दुसऱ्याच्या उपरण्याखाली करत. राम राम घालायला बोटं लागत नाहीत. माणिकप्पा त्याच्यासमोरून मुद्दाम दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्यानं आपली बोटं मोठ्यानं मोजली. "एक, दोन, तीन... अरं, चौथं हाय की म्हाझ्याकडं!"

हरणाआत्या बैलांशेजारी बसून होती. तिनं दुसऱ्या दलालाचा हात बघितला आणि मान फिरवली. "ह्याची नखं बघ. ह्याला म्या शेळी बी दिनार न्हाय. माजा दलाल धोंडप्पाच." मग भाच्याकडं वळून, "बैल खायलेत, दलाल बसलाय, आन् तू हसून मोकळा."

मास्तरांच्या मोटारसायकलला त्या दिवशी एक मोठी परात बांधलेली होती. कॉलेजात दुपारी विज्ञानाचं प्रदर्शन होतं आणि स्पर्शाच्या दाराची प्रतिकृती त्यांनी स्वतः केली होती. परातीवर ताणून बसवलेलं ट्रकच्या ट्यूबचं रबर, मधोमध भोक, भोकाभोवती पत्र्याची तीन वाकडी पाती, आणि वर पसरायला मिठाऐवजी वाटीभर साबुदाणा. रबर कडेनं ओढलं की पाती सपाट व्हायची, भोक उघडायचं, आणि साबुदाणा आत सांडायचा. ट्यूब जुनी होती, तिला डांबराचा वास येत होता. पण विज्ञान म्हटलं की थोडा वास येणारच.

लिंबाखाली एकट्या बसलेल्या धोंडप्पाकडं बघून मास्तरांच्या मनात काय झालं, ते त्यांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. वचन आठवत होतं. त्यांनी असं ठरवलं, की धोंडप्पाचं नाव न घेता, केवळ स्पर्श ह्या विषयावर बोलायचं. लोक शहाणे आहेत, समजायचं ते समजतील. ते परात घेऊन एका रिकाम्या बैलगाडीवर चढले.

"मंडळी!" ते म्हणाले. "बोटाला काय कळतं, आणि कसं कळतं?"

पाचदहा माणसं जमली. मास्तरांनी रबर ओढलं. साबुदाणा सांडला.

"कशावर हाय हे?" एकानं विचारलं.

"कशावर म्हणजे?"

"गुडघ्यावर चालतं का कंबरंवर? लावायचं का प्यायचं?"

"औषध नाही हे! हे तुमच्या सगळ्यांच्या बोटांत आहे!"

"आमच्याकडं हाय तर इकायला कशाला आनलं?"

गर्दी वाढली. फुकट बघायला मिळतंय म्हटल्यावर बैलसुद्धा माना वळवून बघू लागले. मास्तर पेटले. दार, पाती, खारट पाणी, वीज, मनगटातला बोगदा. "दार उघडलं, खबर निघाली, पण नाक्यावर अडकली! मग माणूस चार बोटं धरायला जातो, हातात तीनच येतात, आणि त्याला वाटतं चार आली! त्यात त्याचा काय दोष? त्याची तर्जनी हाक मारतेय, पण..."

आणि मास्तर थांबले. फार उशिरा थांबले. बाजारातल्या झाडून सगळ्या माना लिंबाकडं वळल्या होत्या.

धोंडप्पा उभा राहिला होता. मनगटावरचा पट्टा त्यानं उपरण्यात लपवला होता, आणि आता तो लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. मास्तर परात छातीशी धरून गाडीवर उभे. उतरायचं कुठून, तेही त्यांना सुचेना.

"बधिर?" माणिकप्पा गर्दीतून पुढं आला. "धोंडप्पा? बधिर हात घेऊन सौदं करत हुतास?"

धोंडप्पानं पट्ट्याचा हात उपरण्याबाहेर काढला.

"कदीपासनं?"

"पोळ्याच्या आदीपासनं," कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात धोंडप्पा म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं.

माणिकप्पाच्या कपाळावर आठी पडली. तो काहीतरी आठवत होता आणि आठवता आठवता त्याचं तोंड चाललं होतं, हे त्याचं दुखणं. "पोळ्याला... अरं तिच्या! म्हनून तू मला त्या खिल्लाऱ्याचं दीड बोट कमी सांगितलंस! म्या म्हनलं, मालकच येडा हाय!"

मग हरणाआत्याचा आवाज आला.

"आन् तवा रं का नाही वरडलास? दीड बोट कमी सांगितलं तवा तुझं तोंड कुठं गेलं हुतं? भजी खायाला?"

गर्दीला हसायला एवढं पुरलं. माणिकप्पाच्या मिशांखाली काहीतरी हललं, ते हसू की शिवी, कळलं नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मला बी आर्धा कमी सांगितला हुता," आणि आणखी एकजण, "मला जादा सांगितला, पर म्या सोडून दिलं, म्हनलं धोंडप्पाच हाय." असे चारपाच निघाले. ज्यांचं भलं झालं होतं ते गप्प होते आणि ज्यांचं झालं नव्हतं तेही गप्प होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांना कळलं. चूक दोन्ही बाजूंना झालेली. बेइमानी असती तर एकाच बाजूला झाली असती, एवढं गणित त्या बाजारात सगळ्यांना येत होतं.

पण बेइमान नाही हे ठरलं, तरी बधिर आहे हेही ठरलंच होतं. माणिकप्पा तिथंच घुटमळत उभा राहिला. बैल त्याला हवेच होते. तो एकदा बैलांकडं बघे, एकदा पट्ट्याकडं.

"मग आता कसं करायचं, धोंडप्पा? तोंडानं बोलायचं?"

धोंडप्पानं उपरणं खांद्यावरून काढलं आणि हातावर टाकलं. "तोंडानं बोलायचं आसंल तर मोबाईल हाय की तुझ्याकडं. हात घाल. बोटं धरू नको. फकस्त करंगळी धर. जेवढं सांगायचं, तेवढ्यांदा दाब. आर्धा आसंल तर शेवटी नख लाव."

"करंगळी?"

"तेवढीच जागी हाय."

माणिकप्पानं हात घातला. वर त्याचा चेहरा पंगत आठवायच्या ऐवजी परीक्षेला बसल्यासारखा झाला होता. अख्खा बाजार त्या उपरण्याकडं बघत होता. धोंडप्पानं डोळे मिटले. कपाळावर घाम. मग डोळे उघडले, पुढं वाकून माणिकप्पाच्या कानात काहीतरी पुटपुटला. माणिकप्पाच्या मिशा वर गेल्या.

"बरोबर," तो म्हणाला, आणि दोनदा म्हणाला.

आता धोंडप्पा विकणाऱ्याकडं निघाला. मास्तर गाडीवरून उतरून हात पुढं करून उभेच होते. धोंडप्पानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं कापसाच्या गंजीनं काडेपेटीकडं बघावं, आणि तो त्यांना वळसा घालून हरणाआत्यासमोर उभा राहिला.

"आत्याबाई, हात घाला."

"म्या? बाईमानसानं?"

"तुमच्या भाच्याचा हात म्या धरनार न्हाय. रिवाज मोडला तर म्हाझ्यावर."

हरणाआत्यानं पदर सावरला, हात पुसला आणि उपरण्याखाली घातला. धोंडप्पानं तिच्या करंगळीला माणिकप्पाचा आकडा सांगितला. आत्याचा चेहरा हलला नाही. जन्मभर दळलेल्या, लुगडी धुतलेल्या, पोरांचे कान पिळलेल्या त्या बोटांना कुणी कधी आकडा विचारला नव्हता. तिनं उलटा जबाब दिला. धोंडप्पा कळवळला.

"आवं आत्याबाई, नख!"

"आर्धा वाढवून पायजे."

"तोंडानं न्हाय बोलायचं!"

"मग कशाला वरडलास? दाबून सांगायचं की!"

अर्धा वाढवून मिळाला नाही, पाव मिळाला. पाव कसा सांगायचा, हे नव्या पद्धतीत ठरलेलं नव्हतं. आत्यानं ते चिमटा काढून ठरवलं. सौदा झाला. त्या दिवशी धोंडप्पाच्या उपरण्याखाली आणखी दोन सौदे झाले, आणि संध्याकाळपर्यंत त्याची करंगळी वांग्यासारखी फुगली. कॉलेजातल्या प्रदर्शनात मास्तरांची प्रतिकृती ठेवलीच गेली नाही. तिच्यातला साबुदाणा माणिकप्पाच्या नव्या बैलानं खाल्ला होता.

पट्ट्यानं सगळं भागलं नाही. डॉक्टर गायत्रीताईंनी चिठ्ठी दिली आणि शाळांना सुट्ट्या लागल्या तेव्हा सोलापूरला मनगटाची शस्त्रक्रिया झाली. धोंडप्पानं आधी विचारून घेतलं, की करंगळीला हात लावणार नाही ना. टाके निघाले, आठवडे गेले. खबर अडकली होती ती एकदम सुटली नाही. आधी मुंग्या, मग झिणझिण्या, मग कधीतरी एका सकाळी कोंडाबाईनं मास्तरांना फोन केला, की आज सदऱ्याची बटणं लागली.

मास्तर लगेच निघाले. एका लग्नात मिळालेला, पांढराशुभ्र, सुती म्हणून मुद्दाम राखून ठेवलेला नवा शर्ट त्यांनी त्या दिवशी घातला होता. ते ओट्यावर चढले, तसा धोंडप्पा उठला. समोर आला. त्यानं उजव्या हातानं मास्तरांची बाही दंडापाशी धरली, आणि धरूनच राहिला. अंगठा आणि तर्जनी हळूहळू हलत होती. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर ते जुनं, बाजारातलं, दुसरीकडं बघणारं समाधान.

त्या कातडीखालची ती इवलीशी दारं आत्ता सपाट होत असतील, उघडत असतील, खारट पाण्याचे लोंढे आत शिरत असतील, आणि खबर बोगद्यातून कुठंही न अडकता वर चालली असेल! आपण वचन मोडलं, गुपित फोडलं, तरी हा माणूस आपला दंड धरून उभा आहे. त्यांनी डोळे पुसले.

"धोंडप्पा," ते म्हणाले, "काय कळलं हो बोटांना, इतक्या महिन्यांनी?"

धोंडप्पानं डोळे उघडले, बाही आणखी एकदा चिमटीत चोळून पाहिली आणि सोडून दिली.

"सुती म्हनून पॉलिस्टर गळ्यात मारलंय तुमच्या, मास्तर."